आधाराला आधार कोणाचा

आधाराला आधार मागत गेल्यास प्रश्न कोठेच थांबत नाही, या दोषाला भारतीय तर्कशास्त्रात अनवस्था म्हणतात. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात त्याचे देखणे उदाहरण आहे: पृथ्वीला कोणी मूर्त धारक मानला, तर त्यालाही दुसरा आणि त्यालाही तिसरा मानावा लागेल, आणि शेवटच्याला स्वतःच्याच शक्तीने उभे राहू द्यायचे असेल, तर ती मुभा पहिलीलाच, म्हणजे पृथ्वीलाच, का नसावी? शास्त्रालाही आधार लागतोच: चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 च्या शिलालेखाप्रमाणे आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. लेखाचा संस्कृत भाग संपल्यावर जुन्या मराठीत मठाच्या उत्पन्नाची नोंद येते, म्हणजे शास्त्राचे पोट बाजारावर चालते हे तेथे कोणी लपवलेले नाही.

एआरएम प्रोसेसरच्या नेटवर्किंग बोर्डावर, म्हणजे राउटरच्या पोटात असतो तशा इथरनेट पोर्टांच्या छोट्या सर्किटवर, लिनक्स चढवताना आधाराच्या आधाराचा हाच प्रश्न उभा राहतो. प्रणालीचा गाभा असलेला कर्नल आपोआप रॅममध्ये जात नाही. त्याला यू-बूट नावाचा लोडर नेतो. यू-बूटलाही रॅम लागते, पण ती आधी कोणीतरी जुळवून द्यावी लागते. अनेक बोर्डांवर हे काम एसपीएल हा इवलासा लोडर चिपमधल्याच तुटपुंज्या एसरॅममध्ये राहून करतो, आणि एसपीएलला आणतो तो चिप घडवतानाच सिलिकॉनमध्ये कोरलेला बूटरॉम. बोर्डाची टीएक्स तार संगणकाच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडून, बहुतेक ठिकाणी 115200 बॉडवर, सीरियल कन्सोल उघडला की आधी एसपीएलच्या ओळी दिसतात, मग यू-बूट उलटे आकडे मोजू लागतो आणि कळ दाबताच थांबतो. बूटरॉम मात्र बहुधा चकार शब्द काढत नाही.

पुढची अडचण ज्ञानाची आहे. यूएसबीवरचे उपकरण विचारल्यावर आपली ओळख सांगते, पण चिपमधला इथरनेट नियंत्रक कोणत्या पत्त्यावर आहे हे कर्नलला विचारून कळत नाही. ते डिव्हाइस ट्री या वर्णनपत्रातून सांगावे लागते, आणि न्यायदर्शन ज्याला शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याचे वचन, म्हणते त्याच्या जवळचेच हे साधन आहे. बाध येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण, असे मीमांसक मानतात आणि कर्नलचे वर्तन तसेच असते. लिनक्स बसवणारा मात्र नैयायिक असतो, कारण भलत्याच बोर्डाचे वर्णन दिल्यास कर्नल कधीकधी निमूट सुरू होतो आणि पोर्ट मुके राहतात, म्हणून पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून दिलेल्या हाकेला, उत्तर येईपर्यंत, म्हणजे प्रवृत्ती सफल होईपर्यंत, तो खात्री मानत नाही.

बूटरॉमपाशी मात्र भास्कराचार्यांचे उत्तर जसेच्या तसे लागू होत नाही. सुरक्षित बूटमध्ये तो पुढच्या कडीची डिजिटल स्वाक्षरी तपासतो, पण त्याला तपासणारा कोणी नसतो. अग्नीत उष्णता असावी तशी पृथ्वीची शक्ती आचार्य स्वाभाविक मानतात; बूटरॉमची शक्ती माणसाने लिहिलेली आहे. वेद अपौरुषेय, म्हणजे कर्ता नसलेले, मानून मीमांसक कर्त्याच्या दोषाची शंकाच मिटवतात. तीही वाट येथे बंद आहे. यू-बूट आणि कर्नल जीपीएल परवान्याखाली असल्याने त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, तर ज्याच्यावर सर्व उभे आहे त्या बूटरॉमचा बहुधा वाचता येत नाही. त्यामुळे त्याला ‘विश्वासाचे मूळ’ म्हटल्याने अनवस्था सुटत नाही. ती फक्त चिप घडवणाऱ्याच्या दारात नेऊन सोडली जाते.