डोळे ओले, डोकं कोरडं

बस. रेलू नकोस, ताठ बस. तुझा निबंध वाचला. दोनदा वाचला, कारण हा तूच लिहिलायस यावर पहिल्यांदा विश्वासच बसेना.

'द गॅदरिंग स्टॉर्म'. २००२ चा टेलिव्हिजनसाठी केलेला चित्रपट. आल्बर्ट फिनीनं चर्चिल झकास उभा केलाय, एमी त्याला उगाच नाही मिळालं. व्हनेसा रेडग्रेव्हची क्लेमेंटाइनही सुरेख. सगळं मान्य. पण मी विषय काय दिला होता? दोन महायुद्धांमधलं ब्रिटिश राजकारण. तू काय आणलंस? कथेचा सारांश, नटाचं कौतुक आणि शेवटी 'पाहताना डोळे पाणावले'. मी इतिहास शिकवतो. डोळे तपासत नाही.

म्हणे, "सर, चित्रपट अभ्यास करून काढलाय." त्यांनी केला असेल. तू केलास का? निदान नाव कुठून आलं ते तरी बघायचंस. महायुद्धावर खुद्द चर्चिलनं सहा खंड लिहिले. १९४८ मधल्या पहिल्या खंडाचं नाव हेच. नायक तो, कथा सांगणारा तो, आणि इतरांना दोषी ठरवणाराही तोच! सरकारी कागद हाताशी, दिमतीला मदतनिसांचा ताफा. १९५३ ला नोबेल मिळालं तेही साहित्याचं, हे ध्यानात घे. त्यानं स्वतःसाठी बांधलेल्या देवळात जाऊन तू घंटा वाजवून आलास आणि त्याला निबंध म्हणतोस?

गेल्या वर्षी याच टेबलाशी बसून भाऊसाहेबांच्या बखरीची पिसं काढलीस. कुणी लिहिली, केव्हा लिहिली, कुणाला खूश करायला लिहिली, फौजेचा आकडा फुगवलाय का. एक प्रश्न सोडला नाहीस. मोडी वाचतोस. पेशवे दफ्तरातले कागद लावतोस. मग पडद्यावर सिगार दिसल्याबरोबर अक्कल गहाण कशी पडली? बखरकाराची झडती आणि साहेबाला मुजरा?

तू लिहितोस, 'हिटलरचा धोका एकट्या चर्चिलला दिसला, म्हणून पक्षानं त्याला वाळीत टाकलं.' तारखा मांड. पक्षाच्या पहिल्या फळीतून तो बाहेर पडला जानेवारी १९३१ मध्ये. हिटलर सत्तेवर आला जानेवारी १९३३ मध्ये. भांडण मग कशावरून? हिंदुस्थानवरून! आपल्या हाती कारभार देऊ नये म्हणून हा गृहस्थ १९३५ च्या कायद्यापर्यंत स्वतःच्याच पक्षनेत्यांशी झगडला. त्या झगड्यात पत घालवून बसला. पुढे जर्मनीबद्दल खरं बोलू लागला, तेव्हा 'हा असाच ओरडतो' म्हणून लोकांनी कानाडोळा केला. पुण्यात बसून इतिहासाचा अभ्यास करतोस आणि नेमकं हेच तुला दिसू नये?

आणखी एक. 'झोपलेलं सरकार' म्हणे. १९२४ ते १९२९ अर्थमंत्री कोण होता? पुढची दहा वर्षं मोठं युद्ध नाही असं धरूनच संरक्षणाचा खर्च आखायचा, ही दहा वर्षांची मुदत रोजच्या रोज पुढे सरकत राहील अशी सोय १९२८ मध्ये कुणी करून घेतली? यानंच. आणि हरिकेन विमानं १९३७ च्या शेवटी, स्पिटफायर १९३८ मध्ये हवाई दलात आली, किनाऱ्यावर रडारचे मनोरे उभे राहिले, ते कुणाच्या कारकिर्दीत? त्या झोपलेल्यांच्याच. यातलं एक अक्षर तुझ्या निबंधात नाही.

वेळ नव्हता? चित्रपटाला दीड तास मिळाला. पुस्तकं मिळाली नाहीत? ब्रिटिश संसदेतली भाषणं आणि युद्धकाळातल्या मंत्रिमंडळाची इतिवृत्तं फुकट वाचायला मिळतात, त्याच फोनवर, ज्यावर तू चित्रपट पाहिलास. इंग्रजी जड जातं म्हणशील, तर तेही माझ्यापुढे म्हणू नकोस. तुझं इंग्रजी मला ठाऊक आहे.

आता घरी जाऊन 'चर्चिल खलनायक' असा उलटा निबंध खरडशील. ओळखतो तुला. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरचे दोन परिच्छेद व्हॉट्सॲपवरून उचलशील आणि देशभक्तीचा शिक्का मारशील. तीही आयतीच भाकरी. व्हाइसरॉय वेव्हेलची रोजनिशी छापलेली आहे. भारतमंत्री एमरीची आहे, आणि तो तर चर्चिलच्याच सरकारातला. धान्याची जहाजं मागितली तेव्हा लंडनहून काय उत्तरं आली ते आधी वाच. मग हवा तेवढा संताप कर, मी अडवणार नाही.

चर्चिल लहान माणूस होता असं मी म्हणतच नाही. मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स इटलीमार्फत तडजोडीची चाचपणी करू म्हणत होता आणि हा अडून बसला. ते येरागबाळ्याचं काम नव्हे. पण तो मोठेपणा तरी तुला कुठे कळलाय? चित्रपट सप्टेंबर १९३९ ला संपला, तिथेच तुझा अभ्यासही संपला.

बुधवारी ये. २६ ते २८ मे १९४० ची इतिवृत्तं वाचून ये. युद्ध मंत्रिमंडळाचे सभासद पाचच होते, त्यामुळे गोंधळलो ही सबब चालणार नाही. मजूर पक्षाचे ॲटली आणि ग्रीनवुड काय म्हणाले ते सांग. आणि ज्या माजी पंतप्रधान चेंबरलेनला तू 'भित्रा' लिहून मोकळा झालास, तो शेवटी कुणाच्या बाजूनं गेला, तेही सांग. हा निबंध उचल इथून. मार्क दिलेले नाहीत.