न पोचलेली धमकी

जुलै २०२३. संभाजी भिडे यांनी अमरावतीत महात्मा गांधींविषयी केलेल्या वक्तव्यावरून कारवाईची मागणी केली म्हणून तिवशाच्या तेव्हाच्या आमदार यशोमती ठाकूर यांना ट्विटरवरून जिवे मारण्याची धमकी आली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, माजी खासदार नवनीत राणा यांच्या घरी पत्र आलं: दहा कोटी द्या, नाहीतर सामूहिक बलात्कार. दोघींचे पक्ष परस्परविरोधी. बाईला गप्प करायची रीत मात्र एकच.

असं ट्विट बाईपर्यंत पोचण्याआधीच यंत्र अडवू शकतं. पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने २०२२मध्ये पंचवीस हजारांवर मराठी ट्विटांचा ‘महाहेट’ हा संच तयार केला. प्रत्येक ट्विटवर खूण: द्वेषाचं, अपमानकारक, शिवराळ, की यातलं काहीच नाही. अशा खुणांवरून यंत्र शिकतं. धमकीला त्यात वेगळा कप्पा नाही. अकोल्यातल्या एखाद्या मुलीला अनोळखी माणसाने वऱ्हाडीत ‘तुह्यं घर मालूम हाय मले’ एवढंच लिहिलं, तर त्यात शिवी कुठे आहे? हेच वाक्य मैत्रिणीने लिहिलं तर ती जेवायला येणार असते.

तरी समजा, यंत्र चुकलं नाही. धमकी ओळखली, पुसली, तिने ती वाचलीच नाही. मग हिंसा घडली की नाही?

हा प्रश्न अहिंसेच्या विचाराचा आहे. महानुभाव पंथाचं रिद्धपूर याच अमरावती जिल्ह्यात. अहिंसा हा त्या पंथाच्या आचाराचा कणा. आपल्याकडच्या अहिंसाविचाराने हिंसा केवळ जखमेवरून मोजली नाही. पातंजल योगसूत्रांत ती तीन प्रकारची आहे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. या हिशेबाने धमकी लिहिणाऱ्याची हिंसा लिहितानाच घडून गेली आणि त्या धमकीला लाइक देणारेही त्या हिंसेचे वाटेकरी झाले. धमकी जिला लिहिली तिच्या नजरेस पडली नाही म्हणून यातलं काही कमी होत नाही.

म्हणूनच पुसून टाकणं हे उत्तर अपुरं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीमागचा हेतू तपासतं. मजकूरच नाहीसा झाला तर तपासायचं काय? शिवाय ज्याला खरोखर घर माहीत आहे, त्याच्यापासून ती सावध कशी राहणार? तिला त्रास नको म्हणून तिच्याच जिवावरचं संकट तिच्यापासून लपवणं, हे घरोघरी फार झालं आहे.

यंत्राने झाकावं, जपून ठेवावं, उघडायचं की नाही ते तिने ठरवावं. ‘टॅटल’ या गटाचं ‘उली’ हे साधन याच वाटेने निघालं: शिव्या झाकायच्या, ट्विट पुराव्यासाठी राखायचं. ते सुरू झालं हिंदी, तमिळ आणि भारतीय इंग्रजीसाठी. वऱ्हाडीसाठी असं काही घडवताना कोणतं वाक्य धमकीचं, हे ठरवायला अकोला-अमरावतीच्या ज्या बायकांना ती वाक्यं रोज येतात, त्यांनाच आधी बसवायला हवं, आणि त्या कामाचा मोबदलाही द्यायला हवा.