मूल कोणासाठी बदलायचे?



स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला घरीच शिकविणारे आईबाप आता आपल्यातही आहेत. हात धुण्यासारखी साधी गोष्ट ते आठ-दहा पायऱ्यांत मोडतात: नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे. आरंभी मुलाचा हात धरून करवून घेतात. जमले की लगेच मनुका नाहीतर शाबासकी. सवय लागली की मनुका हळूहळू बंद. एकेका पायरीला कधी महिना लागतो.

मनुकेसाठी केलेली कृती मुलाची स्वतःची म्हणायची काय, असा प्रश्न आम्हांला पूर्वी पडे. संत थॉमस अक्वायनस सद्गुणालाही सवयच मानतात, पण ती माणसाने बुद्धीने व इच्छेने आपलीशी केलेली सवय. मात्र क्रुसाची खूणसुद्धा आपण बाळाचा हात धरूनच शिकवितो. तेव्हा हात धरण्यात दोष नाही. काय शिकवितो आणि कोणासाठी, हे पाहावे लागते.

या उपचाराचा गाजलेला प्रयोग इव्हार लोवास यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात केला. निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला सुमारे ४० तास, दोन वर्षे वा अधिक शिकवणी मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ जण सर्वसाधारण वर्गात बसू लागले. जगभरच्या पालकांना आशा वाटली. परंतु मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि त्या काळी दरडावणे व प्रसंगी मांडीवर चापट हाही उपचाराचाच भाग होता. शिवाय यशाची मोजपट्टी होती बुद्ध्यंक आणि शाळेतला वर्ग. मुलाला कसे वाटते, याला तीत जागा नव्हती.

ते पुढे स्वमग्न माणसांनीच सांगितले. स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना बजावले की स्वमग्नता म्हणजे कवच नव्हे, ज्याच्या आत दुसरेच सर्वसाधारण मूल दडले आहे. डोळ्यांत बघायला लावणे त्रासाचे होते, हात फडफडविल्याने मन शांत होते, असे पुष्कळ प्रौढ सांगतात. मग ते हात आपण कोणासाठी बांधतो? बहुधा पाहुण्यांसाठी, आणि (खरे बोलायचे तर) मिस्सात मागे वळून बघणाऱ्या आपल्यासाठी.

डोके भिंतीवर आपटणारे मूल थांबवावेच लागते, त्यात वाद नाही. पाण्याचे चित्र आईच्या हाती देऊन पाणी मागणे हा धडाही मुलाच्याच कामाचा. ही चित्रांची पद्धत अमेरिकेत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ साली काढली. तीही बक्षिसावरच चालते, पण तिने मुलाला मागता येऊ लागते.

आमच्या मते या चित्रांत ‘नको’चे चित्र अगदी लवकर यावे. सांगेल त्या मोठ्या माणसाचे मुकाट ऐकायला शिकलेले मूल वाईट स्पर्शालाही नाही म्हणू शकत नाही, हे आपण विसरतो. आणि ते चित्र पुढे आले की आईने धडा तिथेच थांबवावा, ठरलेला तास भरो न भरो. काही पालक म्हणतात, “फादर, मग तो रोज नकोच म्हणेल.” काही दिवस म्हणेलही.