पारख आणि भरवसा

आमच्या वालावलकडे हापूसची पेटी घेणारे जाणते गिऱ्हाईक वरचा थर पाहून थांबत नाही. पेंढा बाजूला सारून खालचेही फळ हाताळते. तरी एखादा आंबा साक्याचा निघतोच. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळातला पांढरट, बेचव गर कापल्यावाचून कळत नाही. अखेर आपण बागायतदाराच्या शब्दावर विसंबतो. मग पारख कुठे संपते आणि भरवसा कुठे सुरू होतो? संगणकाच्या जगातील एका घटनेने हा प्रश्न फार तीव्रतेने पुढे आणला.

लिनक्स ही कार्यप्रणाली जगभरच्या असंख्य यंत्रांत चालते. कुडाळच्या बाजारात मोबाइलवरून दिलेले पैसे ज्या दूरच्या यंत्रांतून जातात, त्यांतही बहुधा तीच असते. अनेकांनी लिहिलेल्या, सर्वांना वाचता येणाऱ्या हजारो आज्ञावली एकत्र करून काही संस्था ती सिद्ध करतात. १९९३ साली सुरू झालेली डेबियन ही त्यांतील एक, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी. तिथे नवी आज्ञावली आधी रांगेत थांबते. तिच्यातील मजकूर कोणाचा, कोणत्या परवान्याखालचा, हे माणसे तपासून पाहतात. परिचित आज्ञावलीची नवी आवृत्ती मात्र सहसा त्या रांगेत थांबत नाही. परिचयाला एवढी सवलत आपण सारेच देतो.

माहिती दाबून लहान करणारी 'एक्सझेड' ही अशीच एक परिचित आज्ञावली. फिनलंडमधील एक गृहस्थ अनेक वर्षे ती विनामोबदला सांभाळीत होते. २०२२ साली काम संथ चालते म्हणून त्यांना बोल लावणारे पुढे आले. प्रकृतीच्या अडचणी त्यांनी उघडपणे सांगितल्या. बोल थांबले नाहीत. त्यापूर्वीच एक अनोळखी साहाय्यक नेमाने, नम्रपणे मदत करू लागला होता. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने भरवसा मिळवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये, चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाइलींत चोरवाट दडवली. नवी आवृत्ती त्वरित घ्यावी असा तगादाही डेबियनकडे लावण्यात आला. ती तिच्या चाचणी शाखेपर्यंत पोहोचलीही. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी (तो गुड फ्रायडे होता) जगाला सावध केले. डेबियनची स्थिर आवृत्ती वाचली.

कोणावरही विश्वास ठेवू नये, असा बोध यातून पुष्कळांनी काढला. मला तो उथळ वाटतो. सारे उघडे होते म्हणूनच फ्रॉइंडला माग काढता आला. आणि हे काम त्याच्यावर कोणी सोपवलेही नव्हते. खरी उणीव निराळी आहे. मोठमोठ्या कंपन्या ज्या एका माणसाच्या श्रमावर विसंबून होत्या, त्याच्या शेजारी भरवशाचा दुसरा हात उभा करणे हा पारखीचाच भाग आहे, असे त्यांना वाटलेले दिसत नाही. फळ तपासले, झाडाला पाणी कोण घालतो हे विचारले नाही. ती रिकामी जागा कपटाने भरली.

तपासून सही करणाऱ्याचे दायित्वही येथेच कठीण होते. लाखो ओळी एकट्याने वाचणे अशक्य. तेव्हा त्याची सही ही साक्ष असेल, तर एवढे मी पाहिले आणि एवढे पाहू शकलो नाही, हे दोन्ही तिने सांगावयास हवे. बाजाराला दुसरे वाक्य रुचत नाही, हे खरे.

मे २०२४ च्या अखेरीस त्या फिनलंडच्या गृहस्थांनीच चोरवाट काढून टाकलेली आवृत्ती प्रसिद्ध केली.