मातीचे देणे



मे महिना सरत आला की आपल्या वाड्यांत, आणि आता इमारतींच्या गॅलऱ्यांतही, एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "यंदा काय लावायचं?" त्याच्या मागोमाग दुसरा येतो : "माती कुठून आणायची?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हल्ली तयार असते. नर्सरीतून लाल मातीची गोणी आणायची, सोबत खताची पिशवी घ्यायची, आणि घरातली भाजीची साले, देठ, चहाचा चोथा मात्र सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकायचा. म्हणजे एका दाराने माती विकत आणायची आणि दुसऱ्या दाराने माती फेकून द्यायची. ह्या व्यवहारात पैसे वाया जातात हे कोणाच्याही ध्यानात येईल. पण त्यात एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे, आणि आज आम्हांला त्याविषयी लिहायचे आहे. साले आणि देठ मातीला परत केले तर ती काटकसर झाली, छंद झाला, की आपण एखादे देणे फेडले?

कोणी म्हणेल, नाव काहीही द्या, खत तेच होणार. खरे आहे. गांडुळाला आपला हेतू कळत नाही. पण माणसाला फरक पडतो. छंद कंटाळा आला की सुटतो. काटकसर तर बाजारात त्याहून स्वस्त वस्तू मिळाली की संपते. देण्याचे तसे नसते. ते आपल्याला आवडो न आवडो, वहीत राहतेच.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा न्यायाविषयीचा विचार आम्हांला अभ्यासावा लागला. ज्याचे जे आहे ते त्याला देत राहण्याची पक्की इच्छा म्हणजे न्याय, असा त्याचा आशय. येथेच अडचण उभी राहते. न्याय हा एका व्यक्तीचा दुसऱ्या व्यक्तीशी असतो. माती ही व्यक्ती नव्हे. तिला हक्क मागता येत नाही आणि ती कोर्टातही जात नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी तर असे मांडले, की निसर्गाबाबत आपली जी कर्तव्ये वाटतात, ती मुळात माणसाची स्वतःप्रती असलेली कर्तव्ये होत. मग मातीचे देणे हा निव्वळ बोलण्याचा अलंकार ठरतो का? कवीने मातीला आई म्हटले तर ते शोभून दिसते. हिशेब मांडताना तेवढ्यावर भागत नाही.

आमच्या मते ह्याचे उत्तर असे आहे. देणे मातीमुळे आहे, पण ज्यांचे देणे आहे ती माणसे मातीच्या मागे उभी आहेत. आपल्या वसईतल्या जुन्या वाडीत कुदळीचा एक घाव घालून पाहा. वरची वीतभर माती काळसर, भुसभुशीत लागते. खाली गेलात की रंग फिका होतो, रेती लागते. ती वरची वीत आपोआप झालेली नाही. आजोबा-पणजोबांनी शेणखत, एरंडीची पेंड, मासळीचे खत, केळीचे कापलेले खुंट डोक्यावरच्या टोपलीने वाहून तिथे घातले. त्यांची नावे आज दफनभूमीतल्या क्रुसांवर आहेत आणि त्यांचे श्रम अजून आपल्या ताटात येतात. त्यांना आता काही परत करता येत नाही. परत करायचे ते पुढे येणाऱ्यांना. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा विषय मांडला तो ह्याच अर्थाने. अजून जन्माला न आलेला नातूही ह्या व्यवहारात एक पक्ष आहे.

आणि एक पक्ष आजच, जवळच राहतो. आपण "कचरा टाकला" असे म्हणतो. टाकला कुठे? तो कोणाच्या तरी दारात जाऊन पडला. शहराबाहेर डम्पिंग ग्राउंडच्या कडेने वस्ती आहे, तिथे मुले खेळतात. ढिगात हवेशिवाय सडणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो, ढीग पेटतो, धूर दिवसचे दिवस राहतो. सुक्या कागद-प्लॅस्टिकला ओले अन्न चिकटले की तेही कोणाच्या कामाचे उरत नाही, ते वेचणाऱ्या बाईची मजुरी त्यातच बुडते. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे घराघरावर बंधनकारक केले. पण नियम येण्याआधीही हे देणे होतेच.

हा विचार काही नवा नाही. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली सरकारी नोकरीत हिंदुस्थानात आले. आले होते शिकवायला, पण पुढे त्यांनी इथल्या शेतकऱ्यांनाच आपले शिक्षक मानले. १९२४ ते १९३१ ह्या काळात त्यांनी इंदूरला काम केले आणि पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती आजही जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत गेले पाहिजे, ह्याला ते परतीचा नियम म्हणत. शास्त्रज्ञाने 'नियम' हा शब्द वापरला हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. नियम मोडला तर निसर्ग रागावत नाही, फक्त पुढच्या वर्षी पीक कमी देतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू, कारण नुसत्या तत्त्वज्ञानाने कोबी येत नाही. एक जुनी बादली किंवा माठ घ्या, बुडाला आणि बाजूंना भोके पाडा. तळाशी सुका पाला किंवा नारळाच्या शेंड्या घाला. मग रोजचा ओला कचरा एक माप आणि त्यावर सुका पाला दोन-तीन मापे, असे टाकत जा. हे प्रमाण का, तर खत करणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या सुमारे तीसपट कर्ब लागतो. ओल्या सालांत नत्र जास्त असते, सुक्या पानांत कर्ब. नुसती साले साठवली तर पाणी सुटते आणि घाण वास येतो, लोक म्हणतात, "आमच्याकडे हे जमत नाही." वास आला की पाला वाढवा, मुंग्या लागल्या की पाणी शिंपडा. मूठभर घेऊन पिळले तर एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. सुरुवातीला शेणाची थोडी राळ किंवा आंबट ताक घातले तर काम लवकर सुरू होते. साधारण तीन महिन्यांत काळे, मोकळे खत मिळते आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. दोन्ही ठिकाणी तो वास मातीतल्या जिवाणूंचाच असतो.

आपल्या घरांत मासळी आणि मटण असतेच, तेव्हा त्याविषयी. मासळीची डोकी, काटे, हाडे गॅलरीतल्या बादलीत घालू नका. अळ्या पडतील, मांजरे आणि उंदीर येतील, आणि शेजारी आमच्याकडे तक्रार घेऊन येतील. वाडी असेल तर केळीच्या किंवा माडाच्या आळ्यापासून थोडे दूर दीड फूट खोल खड्ड्यात पुरा आणि वर माती दाबा. माडाला ते मानवते.

पाला मात्र जाळू नका. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून आपण भस्म करतो त्याला अर्थ आहे. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगण झाडून रोज संध्याकाळी पेटवले जाणारे ढीग हे वर्षभराचे खत आहे. पाला जाळला की त्यातला कर्ब आणि नत्र हवेत जाते, मुठीत थोडी राख उरते.

'स्वस्त' ह्या शब्दाकडेही जरा थांबून पाहिले पाहिजे. लाल मातीची गोणी स्वस्त वाटते, कारण ज्या डोंगराचा उतार खरवडून ती आणली त्याची किंमत गोणीत धरलेली नसते. युरियाची गोणी स्वस्त असते, कारण तिचा बराचसा खर्च सरकार अनुदानातून उचलते, म्हणजे आपणच दुसऱ्या खिशातून भरतो. युरिया वापरणे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. शंभरातले ४६ भाग नत्र त्यात असते, आणि अडल्यावेळी ते पीक वाचवते. पण त्याने माती भुसभुशीत होत नाही, पाणी धरत नाही, गांडुळाला खायला मिळत नाही. बादलीतले खत खरोखर स्वस्त आहे, कारण त्याची किंमत दुसऱ्या कोणाच्या माथी मारलेली नाही.

मारली जात नाही ना, हे मात्र घरात तपासावे लागते. देणे घराचे, आणि बादली ढवळायची कोणी? तर सुनेने. लूकच्या शुभवर्तमानातला (१३:६-९) फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला ह्या संदर्भात वाचण्यासारखा आहे. मालक झाड तोडायला सांगतो, जागा अडवते म्हणतो. माळी एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात भोवती खणण्याचे व खत घालण्याचे काम स्वतःकडे घेतो. दुसऱ्या कोणाला सांगत नाही. पर्यावरणावर चांगले बोलणारे आपल्यात बरेच पुरुष आहेत. त्यांनी बादली आपल्याकडे घ्यावी, अशी आमची विनंती आहे. आणि जी बहीण पहाटेची लोकल पकडते व रात्री आठला घरी येते, तिला ह्या लेखाने अपराधी वाटू नये. अशक्य गोष्टीचे बंधन कोणावरच नसते, हे नीतिशास्त्राचे जुने तत्त्व आहे. तिने ओले-सुके वेगळे करून दिले तरी तिच्या वाट्याचे झाले.

इमारतीत राहणाऱ्या एकाने आम्हांला विचारले, "फादर, मी खातो ती भाजी नाशिकच्या शेतातली. साले गॅलरीतल्या कुंडीत घालून नाशिकच्या मातीला काय मिळाले?" प्रश्न चोख आहे. प्रामाणिक उत्तर : काही नाही मिळाले. मुळातले देणे तसेच राहते, आपण ते दुसऱ्या मातीत भरतो. अपुरी फेड ही फेडच आहे, पण पुरी झाली असे समजू नये.

बियाण्याचा हिशेब ह्याहून वेगळा. ज्याने पहिल्यांदा वांग्याचे बी राखले त्याला आपण ओळखतही नाही. करवंटीला किंवा दुधाच्या पिशवीला भोके पाडा, अर्धे खत आणि अर्धी रेतीमिश्रित माती भरा. खत पूर्ण तयार असावे. अर्धवट कुजलेल्या खतात कोवळी मुळे जळतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांचे बी त्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीइतकेच खोल पेरा, पाणी हाताने शिंपडा. पाणी फार झाले तर रोपे बुडातून कोलमडतात, उजेड कमी पडला तर लांबट, लुळी होतात. चार-पाच आठवड्यांनी रोप जागेवर लावता येते. कारली, दोडका, भेंडी यांना मात्र जागेवरच पेरावे. कारल्याचे बी रात्रभर भिजवून घ्यावे. जुने बी असेल तर आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहा, किती रुजतात ते कळेल. पाकिटातले बी संकरित असेल तर त्याच्या फळातले बी पुढच्या वर्षी तसेच पीक देत नाही, म्हणून घरच्या गावठी वाणाचे एक चांगले फळ दरवर्षी वेलीवर पिकू द्यावे. रंगीत औषध लावलेले बी मुलांच्या हाती देऊ नये.

एका करवंटीत पाच-सहा रोपे येतात आणि एकच ठेवायचे असते. बाकीची उपटून टाकताना हात अडखळतो, आणि तो अडखळावा हे बरेच. उपटण्याआधी ती अलगद सोडवून दुसऱ्या पिशव्यांत लावता येतात. आपल्या भाषेत वानवळा हा सुंदर शब्द आहे. आपल्याकडे पिकले ते थोडे शेजारी धाडायचे. रोपांचाही वानवळा होऊ शकतो.

चर्चच्या आवारातला पाला यंदा जाळलेला नाही, मागच्या भिंतीला लागून रचून ठेवला आहे. वेदीवरची सुकलेली फुलेही त्यातच गेली आहेत. गॅलरीत बादली ठेवणाऱ्यांकडे सुका पाला नसतो, त्यांनी मिस्सानंतर पिशवी भरून न्यावा. जूनअखेर ज्यांची रोपे जास्त होतील त्यांनी ती चर्चच्या पायरीशी आणून ठेवावीत. पिशवीवर नाव लिहायचे ते भाजीचे, आपले नको.