त्यापेक्षा हे बरे?

‘फादर, हे चालतं का?’ बीड जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामात हा प्रश्न आम्हांला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा ‘हे पाप आहे का?’ असा प्रश्न कोणी विचारला नाही. ‘चालतं का’ या शब्दांत पुष्कळ काही सामावलेले असते. विचारणाऱ्याने निम्मा निर्णय आधीच घेतलेला असतो आणि उरलेल्या निम्म्यासाठी त्याला धर्मगुरूची सही हवी असते. अशी एक सही आम्ही २०१३ साली दिली. तिच्याविषयी लिहावयाचे आहे. (ही गोष्ट पापनिवेदनातील नव्हे, चर्चच्या अंगणातील लिंबाखालची आहे; आणि ज्याची आहे त्याच्या संमतीने लिहीत आहोत.)

ईस्टर नुकताच झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून गावी परतल्या होत्या. तिशीतला एक तरुण संध्याकाळी आला. पंधराव्या वर्षापासून गुटखा खाणारा. आदल्या वर्षी, जुलै २०१२मध्ये, राज्य शासनाने गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली होती. पुडी लपूनछपून आणि महाग मिळू लागली होती. लेकरू विचारतं, तोंडाला वास का येतो, म्हणून आपण चार दिवस पुडीला हात लावलेला नाही, असे तो म्हणाला. मग खाली पाहत त्याने विचारले, ‘‘पण फादर, तोंड गप बसत नाही. निस्ती सुपारी खाल्ली तर चालतंय का?’’

आम्ही म्हणालो, ‘‘तंबाखूपेक्षा ते बरे. खा.’’

सुपारी आपल्या घरात परकी नाही. सोयरीक जुळली की सुपारी फुटते, पाहुणा आला की तबक पुढे होते. आमच्या ख्रिस्ती घरांतूनही साखरपुड्याला ती असतेच. तिच्यात विष असेल असे मनात येण्याचे कारणच नव्हते. शिवाय सेमिनरीत शिकलेले एक तत्त्व आमच्या पाठीशी उभे होते. मोठ्या वाइटाचा ज्याने निश्चय केला आहे, त्याला त्यापासून वळविण्यासाठी लहान वाईट सुचविणे अनुज्ञेय आहे, हे मत संत आल्फोन्स लिगोरी यांनी अधिक संभाव्य म्हणून स्वीकारले. जुन्या पाठ्यपुस्तकांत उदाहरण असे, की खून करायला निघालेल्या माणसाला ‘त्याला मारू नकोस, हवे तर त्याचे पैसे घे’ असे सांगणारा चोरीचा सल्ला देत नसतो, तो एक जीव वाचवीत असतो. हे तत्त्व आम्हांला तेव्हाही पटले होते, आजही पटते. त्याच्या अटी मात्र त्या संध्याकाळी आम्ही तपासल्या नाहीत.

आता थोडे दूर जावे लागेल, कारण ‘त्यापेक्षा हे बरे’ हे वाक्य आमच्या अंगणात येण्यापूर्वी जगभर फिरून आले आहे.

सिगारेटने कर्करोग होतो हे गेल्या शतकाच्या मध्यास सिद्ध झाले, तेव्हा कंपन्यांनी गिऱ्हाइकाला दिलेले उत्तर हेच होते. फिल्टर आला, ‘लाइट’ आली, कमी टारची आली. पाकिटावरचे टारचे आकडे काल्पनिक नव्हते, ते मोजलेले होते. मोजणारे एक यंत्र होते. अमेरिकेत १९६७पासून सरकारमान्य असलेल्या पद्धतीनुसार ते यंत्र मिनिटाला एक झुरका घेई. झुरका दोन सेकंदांचा, पस्तीस मिलिलिटरचा. फिल्टरच्या कडेला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असत. त्यांतून हवा आत येई, धूर पातळ होई आणि आकडा खाली येई. यंत्र खोटे बोलत नव्हते. पण यंत्राला तलफ नसते. माणूस तीच सिगारेट जोराने ओढी, अधिक वेळा ओढी, नकळत ओठांनी वा बोटांनी ती छिद्रे झाकी, आणि शरीराला हवे तेवढे निकोटिन वसूल करी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली सर्व पुरावा तपासून सांगितले, की या बदलांनी लोकांच्या आरोग्याचा म्हणावा असा लाभ झालेला नाही. तोपर्यंत कितीतरी माणसांनी सिगारेट सोडण्याऐवजी ‘लाइट’ धरली होती. सोडण्याच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाला त्या आकड्याने परत घरात बसविले.

आताच्या तपासण्या त्याहून पुष्कळ सूक्ष्म आहेत. नव्या पिढीची साधने तंबाखू जाळीत नाहीत, तापवितात. काहींत तंबाखूच नसते, निकोटिनच्या द्रवाची वाफ असते. त्या वाफेतील एकेक विषद्रव्य मोजले जाते. मग जिवाणूंवरची चाचणी येते. स्वतःचे एक पोषक द्रव्य बनविण्याची शक्ती गमावलेले साल्मोनेला जिवाणू घेतात. तपासावयाच्या पदार्थाने त्यांच्या जनुकांत बदल घडला, तर काहींना ती शक्ती परत मिळते, ते वाढू लागतात आणि त्यांचे ठिपके काचेच्या बशीत मोजता येतात. त्यानंतर मानवी पेशी, त्यानंतर उंदीर. जळत्या सिगारेटच्या धुरापेक्षा या वाफेत अनेक विषे बरीच कमी असतात हे अशा तपासण्यांतून दिसले आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने २०१५ साली ई-सिगारेट साध्या सिगारेटहून सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला. तो तज्ज्ञांचा अंदाज होता, प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे. त्यावर टीकाही झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली तंबाखू तापविणाऱ्या एका उपकरणाला ‘विषद्रव्यांशी संपर्क कमी होतो’ असे म्हणण्याची परवानगी दिली. ‘रोगाचा धोका कमी होतो’ असे म्हणण्याची मात्र दिली नाही. ही दोन वाक्ये वेगळी आहेत. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ती एकच ऐकू येतात.

उंदरांचा उल्लेख केला, म्हणून एक शब्द त्यांच्यासाठी. प्राण्यांवरील प्रयोग वाजवी मर्यादेत आणि मानवी जीव राखण्याच्या कामी येत असतील तर नैतिकदृष्ट्या मान्य, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा सांगते. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्याच्या हातात काय द्यावे हे कळण्यासाठी उंदीर मेला, तर त्याचा काही अर्थ लागतो. पुदिन्याच्या चवीचे नवे उत्पादन बाजारात उतरविण्यासाठी तो मेला, तर आम्हांला तो लागत नाही.

बीडच्या वाचकाला वाटेल की हे सारे शहरांतील श्रीमंतांचे दुखणे आहे. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के तंबाखू वापरणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के आणि तोंडात धरणारे, चघळणारे, दातांना लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपली सिगारेट तोंडात आहे, आणि तिचा ‘सौम्य पर्याय’ही चुलीवरच आहे. मिश्री म्हणजे दुसरे काय? तंबाखू तव्यावर भाजून काळी करावी, कुटावी आणि दातांना लावावी. ती पिणे नव्हे, खाणे नव्हे, नुसते दात घासणे. ‘‘तंबाखू खात नाही हो फादर, मिसरी लावते,’’ असे सांगणाऱ्या बायांच्या स्वरात आम्ही कधीही अपराध ऐकला नाही.

या मिश्रीची तपासणी आपल्याच राज्यात झालेली आहे. मुंबईत परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ती प्रयोगशाळेत नेली. वर सांगितलेल्या त्याच जिवाणूंवर तिचा अर्क जनुके बदलणारा ठरला, आणि मिश्री मिसळलेले खाद्य दिलेल्या प्राण्यांच्या जठरात गाठी झाल्या. भाजल्याने तंबाखूचे विष गेले नव्हते, भाजण्याची नवी विषे त्यात आली होती. पुढे २००४ साली प्रकाश गुप्ता व श्रीविद्या यांनी मुंबईतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धूरविरहित तंबाखू, आणि तिच्यात बहुतांशी मिश्रीच, वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे इतरांपेक्षा सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी वजनाची जन्मली. या तपासणीला यंत्र लागले नाही आणि उंदीरही नाही. तव्यावरच्या धुराने डोळे चुरचुरत मोठे झालेले आम्ही, आम्हांला हे पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

आता त्या तरुणाकडे परत येतो.

तीन वर्षे त्याने तंबाखूला स्पर्श केला नाही. आम्ही प्रवचनात नाव न घेता त्याचे उदाहरणही दिले, हे आज सांगताना संकोच होतो. तो जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेणारा होता, त्याच्या आईने लावलेले वळण तसे होते. पुढे तो हात पुढे करू लागला. रीत बदलली असेल असे समजून आम्ही त्याच्या तळहातावर प्रसाद ठेवीत राहिलो. २०१६च्या पावसाळ्यात तो म्हणाला, भाकरी जात नाही, तिखट लागलं की आग होते. आम्ही त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी ‘आ कर’ म्हटले. सर्वसाधारण माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. त्याच्या तोंडात दीड मावेना. गालांची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ झाली होती. डॉक्टरांनी विचारले, तंबाखू किती? तो आमच्याकडे पाहून अभिमानाने म्हणाला, ‘‘तीन वर्ष झाले, शिवली नाही. निस्ती सुपारी. फादरनीच सांगितलंय.’’

सुपारीतील द्रव्यांनी तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, जबडा आवळत जातो. हा विकार गेला तर क्वचित जातो आणि त्यातून पुढे कर्करोगही उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडविते, असे २००४ साली प्रसिद्ध केले होते. आम्ही ‘खा’ म्हणालो तेव्हा त्या निष्कर्षाला नऊ वर्षे झाली होती. त्याच्या रोगात आधीच्या गुटख्याचा वाटा किती आणि आमच्या सुपारीचा किती, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. गुटख्यातही सुपारीच असते. म्हणजे रोगाचे मूळ त्याच्या हातात राहू देऊन आम्ही बाकीचे काढून घेतले होते.

अज्ञान हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे आम्हांला जास्त बोचते. तो गुटख्याचा निश्चय करून आला नव्हता, तो गुटखा टाकून आला होता. लिगोरींची सवलत निश्चय केलेल्या माणसासाठी आहे. उंबरठा ओलांडून निम्मा बाहेर आलेल्याला ती दिली, तर ती सवलत राहत नाही. चार दिवस ज्याने काढले, तो पाचवा काढू शकेल का हे आम्ही विचारलेसुद्धा नाही. ‘लाइट’ सिगारेटने जे लाखोंचे केले, ते आम्ही एका माणसाचे केले, आणि तेही त्याच चार शब्दांत.

म्हणूनच २०१९ साली केंद्र शासनाने ई-सिगारेटवर बंदी आणली, तेव्हा आमचे मन दुभंगले. चाळीस वर्षे विडी ओढलेला, दम लागूनही ती न सोडणारा म्हातारा असेल, तर त्याच्यापुरते ते साधन खरोखर ‘त्यापेक्षा बरे’ असू शकेल. विडी गल्लीत उघड मिळत असताना त्याच्यासाठी हेच दार लावणे विसंगत आहे. पण ज्याने कधी काही ओढलेच नाही त्या अंबाजोगाईच्या किंवा केजच्या शाळकरी पोराला तेच साधन विकले, तर ‘त्यापेक्षा’ हा शब्द उरतच नाही. कशापेक्षा बरे? श्वासापेक्षा? तपासणी पदार्थाची होते. तो कोणाच्या हाती पडेल याची तपासणी कोणतीही प्रयोगशाळा करीत नाही. दोघांसाठी एकच कायदा करावयाचा असेल, तर आम्ही नाइलाजाने पोराच्या बाजूला उभे राहू. म्हाताऱ्याची क्षमा मागून.

बंद्यांच्या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेनेही फार मिरवू नये. तपकीर ओढणाऱ्यांवर पोप आठवे अर्बन यांनी १६४२ साली सेव्हिलच्या चर्चांपुरता बहिष्काराचा दंड लावला. पुढे १७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी अशी बंदी उठविली. व्हॅटिकनच्या दुकानातील सिगारेटची विक्री थांबली ती २०१८ साली, पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञेने. उत्पन्न बुडणार हे ठाऊक असूनही थांबली, एवढे मात्र सांगितले पाहिजे.

तो तरुण आता चाळिशी ओलांडून गेला आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दातांमध्ये लाकडी पट्ट्या घालून तो जबडा ताणतो. दर काही महिन्यांनी एक पट्टी वाढली की आम्हांला येऊन दाखवितो. भाकरी दुधात कुस्करून खातो. आम्ही क्षमा मागितली तेव्हा तो आमची समजूत घालू लागला, ते ऐकणे कठीण गेले. त्याची आई ओसरीवर बसून ऐकत होती. ‘‘मग माझ्या मिसरीचं काय?’’ ती म्हणाली. आम्ही या वेळी ‘चालतं’ म्हणालो नाही आणि ‘चालत नाही’ असेही नाही. परळचे सांगितले, मुंबईच्या बाळांचे सांगितले, एकशे पाच ग्रॅम म्हणजे किती हे हातात घेऊन दाखविता येईना म्हणून मूठभर ज्वारी दाखविली. ती म्हणाली, फडावर पहाटं तीनला उठायचं, पोटात काही नसायचं, मिसरी लावली की भूक मरायची. ते कुणी तपासलं का? यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा म्हातारीच्या कनवटीला तिची डबी होतीच. पण सुनेला पाचवा महिना लागला होता, आणि सुनेची डबी म्हातारीने काढून घेऊन धान्याच्या कणगीत टाकली होती.