छाट

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या एका वस्तीत एक बाई राहत होती. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा तो घरी बसला, आणि काही वर्षांनी गेला. तेव्हापासून घर आक्काच्या बोटांवर चालायचं.

कारखान्यातून आणलेली पानं ती रात्री भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवी. सकाळी पत्र्याचं माप पानावर धरून कात्रीनं पान कातरी. मग मांडीवर सूप घेऊन बसे. पान उचलायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंडाची कड नखानं आत दुमडायची. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चाळीस कट्टे झाले की हजार. हजार भरेपर्यंत दिवस मावळे. दारात कुणी आलं तरी आक्का बोलायची, हसायची, चहाला बस म्हणायची, पण बोटं थांबायची नाहीत.

पान गडचिरोली-चंद्रपूरकडच्या जंगलातलं, जर्दा निपाणीकडचा. दोघांची गाठ पडायची ती आक्कासारख्यांच्या मांडीवर.

संध्याकाळी कारखान्यात रांग लागे. चेकर कट्टा हातात घेई, अंगठ्यानं दाबून बघे आणि एकेक विडी ओढून काढी. ही आखूड. ही सैल. हिचं तोंड उघडं. काढलेली विडी बाजूच्या टोपलीत पडे. ती छाट. छाटेला मजुरी नव्हती. आक्कानं हजार विड्या द्याव्यात आणि वहीत नऊशे लागाव्यात, हे रोजचं झालं होतं.

चेकर वाईट माणूस नव्हता. त्याची आईसुद्धा विड्या वळायची. पण किती छाट काढायची ते दिवाणजी सकाळीच त्याला सांगून जाई, आणि संध्याकाळी बरोबर तेवढी निघे. हात कच्चा असो की पक्का, छाट ठरलेलीच. वाईट माणसाशी बायका भांडल्या असत्या. याच्याशी काय भांडणार? तो मान खाली घालून विड्या काढायचा.

एकदा पावसाळ्यात आक्काचा दोरा संपला. त्या कारखान्याचा दोरा गुलाबी असायचा. रात्र झाली होती, दोन कट्टे राहिले होते. नातवाची शाळेची चड्डी शिवायला आणलेला खाकी दोरा घरात होता. आक्कानं त्यानंच दोन्ही कट्टे बांधले. दुसऱ्या दिवशी चेकरनं ते बघितले आणि दोन्ही कट्टे आख्खे टोपलीत टाकले.

"विडी चांगली आहे की," आक्का म्हणाली.

"दोरा कंपनीचा नाही," तो म्हणाला. "असली विडी बाजारात चालत नाही आक्का."

ते तिला पटलं. चूक आपलीच, असं म्हणून ती घरी गेली.

तीनेक आठवड्यांनी तिचा भाऊ गावाहून आला. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून त्यानं खिशातून कट्टा काढला. कट्ट्यावर त्याच कारखान्याचं लेबल होतं. आक्काची नजर सहज गेली. कट्ट्यातल्या निम्म्या विड्यांना गुलाबी दोरा होता, निम्म्यांना खाकी. तिनं एक विडी हातात घेतली. भट्टीत शेकून रंग थोडा उतरला होता, पण तोंडाची दुमड तिच्याच नखाची होती.

"केवढ्याला घेतलास?" तिनं विचारलं.

"नेहमीच्याच भावानं," भाऊ म्हणाला. "का गं?"

आक्का काही बोलली नाही. तो कट्टा मात्र तिनं ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो कट्टा वस्तीभर फिरला. बायका चिडल्या. कुणी म्हणालं, उद्यापासून काम बंद. कुणी म्हणालं, बंद केलंत तर शेठ पलीकडच्या वस्तीला पान देईल, मग चूल कशावर पेटवणार? दोन्ही खरं होतं. युनियनचा कार्यकर्ता आला. विडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झालाय, त्यानं समजावून सांगितलं. पान किती दिलं, विडी का नाकारली, नाकारलेल्या विडीची मजुरी द्यायची की नाही, या तिन्ही भांडणांचा निवाडा करायची सोय त्या कायद्यात होती. बायकांनी अंगठे दिले, सह्या दिल्या. अर्ज गेला. तारीख पडली. मग दुसरी पडली. छाट चालूच राहिली.

एका शनिवारी आक्का रांगेत पहिली उभी होती. चेकरनं विड्या काढल्या, टोपलीत टाकल्या. आक्का जागची हलली नाही.

"भाऊ, ती छाट मोडा," ती म्हणाली.

"काय?"

"मोडा. खराब आहे ना? खराब विडी बाजारात गेली तर कंपनीचं नाव जाईल. माझ्यासमोर मोडा, म्हणजे मी जाते."

चेकर तिच्याकडे बघत राहिला. मागची बाई म्हणाली, "माझीपण मोडा." तिच्या मागचीही तेच म्हणाली. आरडाओरडा नव्हता. फक्त रांग पुढं सरकत नव्हती. दिवाणजी आला, ओरडला, गेला. मग स्वतः शेठ आले.

"माल माझा आहे," शेठ म्हणाले. "ठेवीन नाहीतर जाळीन. तुम्हाला काय करायचंय?"

"माल तुमचाच शेठ," आक्का म्हणाली. "पान तुमचं, जर्दा तुमचा, दोरासुद्धा तुमचा. वळणं तेवढं आमचं. त्याचे पैसे तुम्ही दिले नाहीत. मग वळलेलं उलगडा. पान पान म्हणून घ्या, जर्दा जर्दा म्हणून घ्या. आमचं काम आम्हाला परत द्या."

शेठ हसले. टोपलीभर विड्यांनी काय होतंय, असं त्यांना वाटलं. "मोड रे," ते चेकरला म्हणाले, "सगळ्यांची मोड."

त्या संध्याकाळी चेकर विड्या मोडत बसला. काढायचा, मोडायचा, काढायचा, मोडायचा. जर्दा चाळून घेता येत होता. पान मात्र फाटून वाया जात होतं, आणि कातरलेल्या पानाचं दुसरं काही होत नाही. रात्री दिवाणजीनं हिशेब मांडला. रोज इतके कट्टे फुकटात मिळत होते, ते आज मिळाले नाहीत. वर पानाचा तोटा. त्यानं वही शेठपुढं ठेवली. शेठ बराच वेळ वही बघत होते.

सोमवारी बायका पुन्हा म्हणाल्या, मोडा. मंगळवारीही म्हणाल्या. बुधवारी दिवाणजी चेकरच्या कानाशी येऊन काहीतरी बोलून गेला. त्या संध्याकाळी आक्काच्या हजारात अकरा विड्या निघाल्या. तिनं त्या हातात घेऊन बघितल्या. त्यातल्या नऊ खरंच सैल होत्या. तिनंच मान डोलावली.

बायकांचे हात दोन दिवसांत सुधारले नव्हते, आणि चेकरची नजरही तीच होती. बदललं होतं ते एवढंच, की नाकारण्याचा खर्च पहिल्यांदा नाकारणाऱ्याच्या वहीत लागला होता. तोवर तो एकाच बाजूला पडत होता, म्हणून दोष निघत होते. कष्टाच्या कामात खोट काढणारा ती खोट स्वतःच्या पदरी घ्यायला तयार आहे का, हे विचारायला आक्काला कायदा वाचावा लागला नाही. पण कायद्याचा अर्जही तिनं मागं घेतला नाही. पुढच्या तारखेला ती खाकी दोऱ्याचा कट्टा घेऊन गेली.

शेठ काही बदलले नाहीत. महिनाभरात पानाचं वजन कमी भरू लागलं. हजाराला पुरणारं पान आठशेलाच सरे. त्यातही भोकं पडलेलं, काळं पडलेलं पान जास्त. उरलेल्या दोनशेसाठी बायका बाजारातून पदरचं पान विकत आणू लागल्या.

पुढच्या सोमवारी आक्का पान न्यायला आली ती भाजीवालीचा तराजू घेऊन.

"हे काय आक्का?" दिवाणजीनं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तुमचा काटा म्हातारा झालाय. त्याला सोबत आणली."

रांगेत हशा पिकला. दिवाणजीनं तिच्या हातातली पानं परत घेतली आणि पुन्हा तोलायला सुरुवात केली.